हातमोजे काढणार नाही

मागच्या गणपतीत इथे डब्लिनला, सिटीवेस्टच्या हॉलमध्ये आरती झाली आणि मी प्रसादाच्या रांगेत उभा होतो. मागच्या काकांनी खांद्यावर टपली मारली. "तुम्हीच ना ते आइस हॉकीवाले? मग किती गोल केलेत आयुष्यात?" मी खरं ते सांगितलं, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "असू दे, असू दे," म्हणाले आणि स्वतःच्या द्रोणातला अर्धा शिरा माझ्या द्रोणात सरकवला. सांत्वनाचा शिरा! अहो काका, मी बचावपटू होतो. गोल करणं हे माझं कामच नव्हतं. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला तुम्ही विचारता का, की किती घरं फोडलीस म्हणून?

शिरा मात्र खाल्ला. चांगला झाला होता.

आता आपल्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणतायत, "बर्फावरच्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडेल." लिहितो की. पण आधीच सांगून ठेवतो, ह्या लेखात मी कशाबद्दलही माफी मागणार नाहीये. क्लबने मला का काढलं ह्याच्या निरनिराळ्या कहाण्या मी डब्लिनच्या मराठी घरांत जेवता जेवता ऐकल्या आहेत, माझ्यासमोर, माझ्याच पानात भात वाढत. तर खरं काय ते एकदा लिहूनच टाकू.

इतिहास थोडक्यात उरकतो. कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाकांच्या स्केट्सवर शिकलो. सहावीत असताना बाबांची नोकरी आम्हाला कॅनडात घेऊन गेली, अशा गावात जिथे हिवाळ्यात नाकातले केससुद्धा गोठतात. तिथे शाळेत मित्र मिळवायचे तर हॉकी खेळणं भाग होतं. अंगाने मी आडवातिडवा, म्हणून मला मागे उभं केलं. मग तेच माझं पोट भरायचं साधन झालं. आधी अमेरिकेतल्या खालच्या पायरीच्या लीगमध्ये, मग युरोपात, आणि शेवटी इथे, डब्लिनहून उत्तरेला जाणाऱ्या मोटरवेवरच्या एका गावातल्या छोट्या क्लबात. क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही. क्लबही उरला नाही आणि बर्फाचं ते मैदान, तो रिंकही नाही. तिथे आता गोदाम आहे.

काम काय असतं ते सांगतो. बर्फावर एका बाजूचे सहा जण. एक गोलरक्षक, तिघं पुढे, दोघं मागे. मागच्या दोघांतला मी एक. पुढचे लोक नाकासमोर धावतात. आम्ही उलटे. समोरून गडी सुसाट अंगावर येत असतो आणि आम्ही त्याच्याकडे तोंड करून तितक्याच वेगाने मागे घसरत जातो, पाठीमागे काय आहे ते न बघता. पक म्हणजे रबराची जाड चकती. मॅचच्या आधी ती फ्रीझरमध्ये ठेवतात, म्हणजे बर्फावर उड्या मारत नाही. ती गोठलेली चकती कोणी जिवाच्या आकांताने मारली की तिच्या वाटेत स्वतःचं अंग घालायचं, हाही आमच्याच कामाचा भाग. माझा डावा घोटा, दोन बरगड्या आणि एका करंगळीचं टोक ह्या खात्यात गेलं.

नवा बचावपटू एक चूक हमखास करतो. तो पककडे बघतो. पक इकडे नाचतो, तिकडे नाचतो, त्यामागे डोळे जातात, डोळ्यांमागे पाय जातात, आणि गडी बगलेतून पसार. बघायचं ते छातीकडे. माणूस स्टिकने फसवतो, खांद्यांनी फसवतो, नजरेने तर फसवतोच, पण छाती जिकडे जाते तिकडेच त्याला जायचं असतं. ते कळलं की तुम्ही त्याच्या आधी तिथे पोचता, त्याला अलगद कठड्याकडे रेटता, आणि काही म्हणजे काहीच घडत नाही. न घडलेल्या गोष्टीचा फोटो कोणी छापत नाही. मला त्याचं दुःख नव्हतं. आपल्या जोडीदाराला कळायचं, तेवढं पुरे होतं.

आता त्या मारामारीकडे येतो, कारण तुम्हाला तेच वाचायचंय. आइस हॉकीत मारामारी चालते. म्हणजे शिक्षा होते, दोघांनाही पाच-पाच मिनिटं काचेच्या खोपटात बसवतात, पण ती सगळ्यांनी धरून चाललेलीच असते. आणि तिचे रीतिरिवाज आहेत, बरं का! तुमच्या संघातल्या छोट्या चणीच्या गड्याला कोणी वाईट मारलं, तर तुमच्यातल्या दांडग्याने त्याला जाब विचारायचा. मागून धरायचं नाही. आधी विचारायचं, "खेळणार का?" अगदी नम्रपणे, जसं आपण कोणाला चहा घेणार का विचारतो तसं. मग दोघं हातमोजे खाली टाकतात, पंच मागे सरकतात, प्रेक्षक उभे राहतात, आणि दोघं एकमेकांच्या डोक्यावर नुसत्या मुठींनी मारत सुटतात. नाही म्हणणाऱ्याने शेपूट घातली असं समजतात. ते नाव एकदा चिकटलं की सुटत नाही.

मीही सुरुवातीला दोनचार वेळा हातमोजे टाकले होते. खोटं कशाला बोलू, मजा आली होती. मग बडचं घर बघितलं.

बड माझा पहिला जोडीदार. छातीकडे बघायला त्यानेच शिकवलं. वयाने बराच मोठा, बोलायला गोड, आणि संघातल्या सगळ्यांच्या वाटची मारामारी तोच करायचा. तो निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मी त्याच्या घरी गेलो. भिंतीवर त्याच्या मुलीच्या लग्नाचा मोठा फोटो होता. फोटोत बड सूट घालून तिच्याबरोबर नाचतोय, तोंडभर हसतोय. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, फोटोकडे बघितलं आणि मला विचारलं, "कोणाचं रे हे लग्न?" स्वयंपाकघरातून त्याची बायको म्हणाली, "एमीचं, बड." तो म्हणाला, "हो का? छान. आपण गेलो होतो का?"

मी गाडीत येऊन रडलो. आणि कानाला खडा लावला. ह्यापुढे धडक देईन, धडक घेईन, पकखाली लोळेन, पण हातमोजे काढणार नाही.

इथल्या कोचला, डेक्लनला, मी सही करतानाच हे सांगितलं होतं. तो म्हणाला, "ग्रँड, ग्रँड." आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांना माहीत आहे, ग्रँड ह्या शब्दात ऐकलं, ऐकलं नाही, आणि बघू पुढचं पुढे, ह्या तिन्ही गोष्टी बसतात. माझे खांदे बघून त्याने मनातल्या मनात काहीतरी वेगळंच ठरवलं असणार.

तरी ते दिवस फार चांगले होते. माझी बायको मृणाल मिरजेला डॉक्टर झाली आणि इथे डब्लिनच्या एका सरकारी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीमध्ये होती. आमचं घर सँट्रीला, मोटरवे दारातून सुरू होतो म्हणून घेतलेलं. माझा जोडीदार यानी फिनलंडचा. तो दिवसातून चारपाच वाक्यं बोलायचा आणि ती सगळी गरजेची असायची. संघात शेन नावाचा गावातलाच पोरसवदा पुढचा खेळाडू होता, किडकिडीत, पण पायांत वीज. आणि मिसेस ब्रेनन होत्या. कठड्याच्या काचेला लागून पहिल्या रांगेत बसणाऱ्या आजीबाई. पाव भाजून आणायच्या, मॅचनंतर माझ्या हातात गरम पुडकं द्यायच्या आणि मॅचभर मला ओरडून सांगायच्या, "मार त्याला, मोठ्या! मुस्काट फोड त्याचं!" इतकी गोड बाई आणि इतकं रक्त प्यायची हौस मी दुसरीकडे कुठे बघितली नाही.

बाहेरची मॅच असली की बस बोटीत चढवून स्कॉटलंडला जायचं. मृणाल शंकरपाळ्यांचे दोन मोठे डबे भरून द्यायची, एक जाताना, एक येताना. बेलफास्टच्या बंदराला पोचेपर्यंत पहिला डबा रिकामा व्हायचा. गोलरक्षक तर शेवटचा चुरा बोटाने टिपायचा.

तर अशाच एका मॅचला त्यांच्या कोल नावाच्या माणसाने शेनला मारलं. पक जवळ नसताना, बाजूने, पूर्ण जोरात. शेनच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. मी बर्फावर होतो, चार हातांवर. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कोलनेही बघितलं, तो थांबून वाटच बघत होता. मी गेलो तो शेनकडे, त्याच्याजवळ गुडघ्यावर बसलो आणि डॉक्टर येईपर्यंत त्याचं डोकं हलू दिलं नाही. मला तेव्हाही वाटलं हेच बरोबर, आणि आजही वाटतं.

परतताना बसमध्ये मी दुसरा डबा उघडून पुढे दिला. तो एका सीटवरून दुसऱ्या सीटवर, तिसऱ्या सीटवर असा फिरून तसाच्या तसा माझ्याकडे परत आला. कोणी एक शंकरपाळासुद्धा उचलला नाही. च्यायला, त्या भरलेल्या डब्याचं वजन मला माझ्या किटबॅगपेक्षा जास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी डेक्लनने मला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. "शनिवारी तेच लोक आपल्याकडे येतायत," तो म्हणाला. "काय करायचं ते तुला माहीत आहे."

"मी सही करताना काय बोललो होतो?"

"ते बोलायचं असतं, ओमी." ओंकारचं त्याने ओमी करून टाकलं होतं. "सगळेच बोलतात. ह्या पोरांना कळायला हवं की त्यांच्यामागे कोणीतरी आहे."

"मी रोज त्यांच्यामागेच असतो. माझी जागाच ती आहे."

त्याने टेबलावर दोन्ही हात टेकले. "पहिल्या पाच मिनिटांत. नाहीतर सोमवारी येऊ नकोस."

घरी येऊन मृणालला सांगितलं. तिला आठवा महिना लागला होता. पायाखाली उशी घेऊन सोफ्यावर बसली होती. मला वाटलं, ही म्हणेल करू नको, आणि मग मला तिच्यावर ढकलून मोकळं होता येईल. ती कसली खमकी! "हे बघ," ती म्हणाली, "माझ्या नावावर काही खपवायचं नाही. दोघं मिळून घरात बसलो तरी उपाशी मरणार नाही, एवढंच मी सांगते. बाकी तुझं तू ठरव."

"तुला काय वाटतं ते तरी सांग."

"मला काय वाटतं? मी रोज लोकांची डोकी शिवते, ओंकार. वरून शिवता येतं. आतलं नाही शिवता येत." मग चिडून म्हणाली, "आणि आता मला विचारू नकोस, चहा कर."

चहा केला. माझं ठरलेलंच होतं, पण खरं सांगतो, मी घाबरलो होतो. कोलला नाही. कोलची मारामारी कितीशी, दीडएक मिनिटाची. मला माझ्या ड्रेसिंग रूमची भीती वाटत होती. ज्या लोकांसाठी करंगळी दिली त्यांच्यासमोर भित्रा म्हणून उभं राहायचं, त्याची.

शनिवारी रिंक खचाखच भरला. असल्या बातम्या गावात पसरायला वेळ लागत नाही. शेन हात गळ्यात बांधून, ड्रेसिंग रूममधून बर्फावर येणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी उभा होता. पहिल्याच वेळेला डेक्लनने मला कोलच्या समोर येईन असं बर्फावर सोडलं. पंच जिथे पक टाकून खेळ सुरू करतो त्या वर्तुळाच्या कडेला आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. पक पडायच्या आधी कोल हळूच म्हणाला, "खेळणार का?"

"नाही."

तो म्हणाला, "प्लीज."

मी वळून बघितलं. त्याच्या भुवयांवर जुन्या टाक्यांच्या इतक्या रेघा होत्या की नवीन टाका घालायला जागा नव्हती. "प्लीज, यार," तो म्हणाला. "नवीन पोरगं आणलंय त्यांनी. मला ह्यासाठीच ठेवलंय. आज नाही झालं तर मला घरी पाठवतील."

त्याची नोकरी माझ्या डोक्यावर होती आणि माझी त्याच्या. आम्हा दोघांनाही आमच्या कोचांनी एकाच कामाला पाठवलं होतं. मला शेनच्या हाडाचा राग होता, आणि त्याच वेळी त्या माणसाची फार कीव आली.

"मलाही पाठवतील," मी म्हणालो. "तरी नाही."

पक पडला. त्याने हातमोजे टाकले आणि माझा शर्ट धरला. मी त्याच्या कोपरांखालून हात घालून त्याला घट्ट आवळून धरलं, हातमोज्यांसकट, मान खाली, डोकं त्याच्या खांद्याला टेकवून. त्याला हात उचलता येईना. पंच आले, सोडवलं, शिक्षा एकट्या त्याला झाली. आणि रिंक ओरडायला लागला. आमचा रिंक, आमची माणसं. हुर्यो, शिट्ट्या, कोणीतरी कोंबडीचा आवाज काढला, मग सगळ्यांनीच काढला. मिसेस ब्रेनन उभ्या राहिल्या, पिशवी खांद्याला लावली आणि पायऱ्या चढून निघून गेल्या. पहिली पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

तुम्हाला वाटेल डेक्लनने मला बसवून ठेवलं असेल. नाही. आमच्याकडे बचावपटूच मोजके होते. मग खेळलो की मी! शिक्षा संपून कोल परत आला, आणि त्या संध्याकाळी तो जेव्हा जेव्हा आमच्या बाजूला आला, तेव्हा तेव्हा मी त्याला कठड्याला लावला. नियमात बसेल असा, स्वच्छ, खांद्याने, दरवेळी. त्याच्या तोंडातून हवा बाहेर पडल्याचा आवाज मला ऐकू यायचा. शेवटी आम्ही एका गोलने पुढे असताना तो पक घेऊन एकटा सुटला. यानी पुढे चढाईला गेलेला, मागे मी एकटा. पक नाचत होता, माझी नजर त्याच्या छातीवर. डावीकडे झुकला, छाती नाही झुकली. मी उजवीकडे जाऊन थांबलो आणि तो माझ्यावर येऊन आदळला. मॅच जिंकलो आम्ही. त्यासाठी कोणी टाळी वाजवली नाही. यानीने फक्त स्टिकने माझ्या पायावर टकटक केलं.

बोगद्याशी शेन उभाच होता. डोळे भरलेले. "मला वाटलं होतं, तू आहेस माझ्यामागे," तो म्हणाला. मी सांगायचा प्रयत्न केला, बडचं सांगायला लागलो, पण तो ऐकायला थांबला नाही. हे मात्र मला लागलं. अजून लागतं. शेनला मी दोषी धरत नाही, त्याला आम्हीच सगळ्यांनी तसं शिकवलं होतं.

सोमवारी डेक्लनने शब्द पाळला. काढलेल्या खेळाडूने बाकीचे यायच्या आत आपलं सामान उचलून मुकाट्याने निघून जायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. म्हणजे मागे राहणाऱ्यांना अवघडल्यासारखं होत नाही. मी नाही गेलो. माझ्या जागेवर बसून राहिलो, सगळे येईपर्यंत. आले, मला बघून दारातच थबकले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी जात नाहीये, मला काढलंय. भित्रा म्हणायचं असेल तर आत्ता तोंडावर म्हणा, मागे नको." मग बडची गोष्ट सांगितली, फोटोसकट. कोणी माझी गळाभेट वगैरे घेतली नाही, सिनेमात घेतात तशी. यानीने माझी बॅग उचलली, गाडीपर्यंत आणली, डिकीत ठेवली आणि परत आत गेला.

नंतर दुसरा क्लब मिळाला नाही. नाव चिकटलं होतं ना. कोलचं काय झालं, मला माहीत नाही. त्याला खरंच घरी पाठवलं असेल तर त्यात माझाही हात आहे, आणि त्याच्या डोक्याला चार ठोसे कमी बसले असतील तर त्यातही आहे. मिसेस ब्रेनन एकदा त्या गावच्या दुकानात दिसल्या. मी हसलो. त्यांनी ट्रॉली वळवली. त्यांच्या पावाची आठवण येते, काय करणार.

आता मी सँट्रीजवळ एका शाळेच्या हॉलमध्ये चाकांवरची हॉकी शिकवतो आणि स्केट्सना धार लावून देतो. काही मंडळी अजूनही हळहळतात. एवढा धिप्पाड माणूस, एकदा हाणली असती तर आज कोच झाला असता म्हणतात. हाणली असती तर काय झालं असतं ते मी बघून आलोय, भिंतीवर टांगलेलं.

काढल्यावर महिन्याभराने आमची सई जन्मली. संघात असतो तर मी त्या सकाळी बोटीवर असतो. मी मृणालचा हात धरून उभा होतो, आणि ती मला अस्सल मिरजेच्या शिव्या देत होती. किलकेनीची एक नर्स होती, तिला एक अक्षर कळत नव्हतं आणि ती सारखी लाडाने पेट, पेट करत म्हणत होती, "यू आर ग्रँड, पेट, यू आर ग्रँड." खिडकीवर पाऊस आडवा येत होता. सई आली तेव्हा जांभळट होती आणि रडेचना. नर्सचा चेहरा बदलला, मृणाल डॉक्टर असल्यामुळे तिला लगेच कळलं, ती ओरडली, "काय झालं? ओंकार, सांग ना, काय करतायत?" आणि मी सांगत गेलो, पाठ चोळतायत, तोंड पुसतायत, पाय हलवला, अगं हलवला, आणि मग ती जी काय किंचाळली पोरगी! डाव्या कानाला पांढरं काहीतरी लागलं होतं. मुठी वळलेल्या होत्या. मृणाल हसत होती आणि रडत होती आणि मला म्हणत होती, "अरे घे ना तिला, घाबरतोस काय!"

मला विचारा. कधीही विचारा, माझ्या म्हातारपणी विचारा. कोण कुठे उभं होतं, कोण काय बोललं, मी सगळं सांगेन.